बाळकृष्णाचं माप

अण्णाच्या मुलाचा, विनायकचा, फोन आला तेव्हा मी आईला सकाळची पेज भरवत होते. "आत्या, बाबा गेले..." एवढंच त्याच्या तोंडून फुटलं. दुकान उघडलं, उदबत्ती लावली, गादीवर बसला आणि बसल्या बसल्याच गेला म्हणे. मी फोन ठेवला, डोळे पुसले आणि पुन्हा चमचा हातात घेतला, कारण आई आ करून बसली होती. काय करणार? अण्णा असता तर त्यानंही हेच सांगितलं असतं, रडायचं तर रड, पण आधी काकूंचं होऊ दे. आईला मी अजून सांगितलेलं नाही. तिला कालचं आज आठवत नाही. रोज नव्यानं सांगायचं आणि रोज तिनं नव्यानं रडायचं, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही.

अण्णा माझा थोरला चुलतभाऊ. हुबळीच्या दाजीबानपेठेत आमच्या घराण्याचं कापडाचं दुकान, ते त्यानं जन्मभर सांभाळलं. खण, लुगडी, परकराचं कापड, सगळंच असायचं, पण पेठेत त्याचं नाव होतं ते देवाच्या कापडासाठी. गौरीची साडी, विठोबाचा शेला, यल्लव्वा देवीची चोळी. गिऱ्हाईक गादीशी टेकलं की याचा पहिला प्रश्न, "देव केवढा?" बाई बोटं ताणून दाखवणार, "एवढा." की हा भडकलाच! "आत्ता एवढा दाखवलात, आता एवढा! माप घेऊन या बाई, नाहीतर देवालाच घेऊन या." आणि बायका खरंच आणायच्या हो. पिशवीतून, मेथीच्या जुडीला टेकून देव दुकानात यायचे. मग हा भांडखोर माणूस उठून हात धुणार, गादीवर स्वच्छ फडकं पसरणार आणि गळा, खांदा, उंची मोजताना त्या मूर्तीशी हळू आवाजात काहीतरी बोलणार. कानडी देवाशी कानडीत, मराठी देवाशी मराठीत. मला हसू आवरायचं नाही.

मी धारवाडला शिकले, तिथंच शाळेत विज्ञान शिकवलं. वडिलांचा देव्हाऱ्यावर विश्वास नव्हता, तो गुण माझ्यात आला असावा. एकदा मी अण्णाला डिवचलं होतं, "अरे, जो विश्वात मावत नाही म्हणता, त्याला तू वारभर कापडात बसवतोस?" तर म्हणाला, "वारभर कशाला, वीतभर पुष्कळ होतं." आणि वर स्वतःच खो खो हसला. वाद घालायला बसले की तो चहा सांगायचा. त्याच्याशी भांडून कधी समाधान म्हणून झालं नाही, पण त्या दुकानातून उठून जावंसंही वाटायचं नाही.

वडील गेले, मी निवृत्त झाले आणि आईला घेऊन हुबळीतच उणकलला नव्या घरात राहायला आले. तोवर आईच्या विसरण्यानं जोर धरला होता. मला ती कधी तिची बहीण समजायची, कधी शेजारीण. एकाला मात्र ती कधी विसरली नाही, तिच्या पितळेच्या रांगत्या बाळकृष्णाला. त्याला बाळू म्हणायची. रोज आंघोळ, काजळ, अंगरखा, वाटीत दूध. बाळूचं झाल्याशिवाय स्वतः घास घ्यायची नाही. सामान बांधताना आमच्याकडे देव धान्यात ठेवतात, म्हणजे हिसके बसत नाहीत. आईनंही ठेवले. बाकीचे देव तांदळाच्या डब्यात सापडले, बाळू सापडेना. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिनं त्याला ज्वारीच्या पोत्यात ठेवलं असणार! आणि ते उरलेलं पोतं आम्ही निघताना एका अन्नछत्राला देऊन टाकलं होतं. धावत गेले तोवर ज्वारी दळून, भाकरी होऊन लोकांच्या पोटात गेली होती. मूर्ती कुणाच्या नजरेला पडली नाही.

त्या दिवसापासून आईनं जेवणच सोडलं. ताट पुढे केलं की हातानं सारायची. "बाळू उपाशी आहे." डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नळी घालावी लागेल. मी दुर्गदबैलच्या बाजारात जाऊन हुबेहूब तसाच बाळकृष्ण आणला. आईनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "हे कुणाचं लेकरू उचलून आणलंस? जा, देऊन ये. याची आई शोधत असेल." मी स्वयंपाकघरात जाऊन हमसून हमसून रडले आणि अण्णाला फोन लावला.

तो दुकान विनायकवर टाकून तासाभरात हजर. दारातूनच आरोळी, "काकू, ऊटा आतेन?" हुबळीत माणूस आधी जेवणाचं विचारतो, मग बाकीचं. तो आईच्या पलंगाशी खाली मांडी घालून बसला, गळ्यातली टेप काढली. नवी मूर्ती कोपऱ्यात तशीच पडली होती, ती उचलून त्यानं आईपुढे धरली. हाच तुमचा बाळू, असं एका शब्दानं म्हणाला नाही. इतकंच म्हणाला, "काकू, अंगरखा शिवायचाय. माझ्या हाताला हल्ली नीट माप लागत नाही. तुम्ही घेऊन द्या बघू."

आईनं जरा वेळ त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग मूर्ती घेतली, मांडीवर ठेवली. तिची बोटं आपोआप चालायला लागली. गळ्याभोवती, खांद्यावर, पाठीवरून, पोटाशी... पोटाशी ती थांबली. पुन्हा चाचपून पाहिलं.

"अण्णा, बारीक झालाय रे हा. कुणी दूध दिलं नाही याला?"

"नाही हो काकू. कोण देणार?"

"अगं, उभी काय राहिलीस? दूध आण!" ही मला.

मी दूध आणलं. आईनं बाळूच्या ओठाला वाटी लावली, पदरानं त्याचं तोंड पुसलं. अण्णा म्हणाला, "आता तुमचं?" आणि आईनं आ केला. दहीभाताचा तो पहिला घास अण्णानंच भरवला. सांगते, आयुष्यात मी कुठल्या मूर्तीपुढे हात जोडले नव्हते, त्या दुपारी जोडले. कुणापुढे जोडले, मूर्तीपुढे की अण्णापुढे, ते मला सांगता येणार नाही.

तो निघाला तेव्हा मी त्याला फाटकाशी गाठलं. म्हटलं, "अण्णा, तो पोत्यातून गेला तोही देव आणि दुकानातून आला तोही देव? आणि सगळीकडे आहेच म्हणता, तर आईला हाच का लागतो?" त्या दिवशी तो हसला नाही. म्हणाला, "सुमी, काकूंच्या हातातून सगळं सुटत चाललंय. घर, नावं, तूसुद्धा. मांडीवर मावेल एवढंच आता त्यांना धरता येतं. म्हणून तो तेवढा झाला. त्यांनी आभाळ कसं गं मांडीवर घ्यावं? आणि लहान होण्यात त्याला कमीपणा वाटतो, असं कुणी सांगितलं तुला?" मग स्कूटरला किक मारत म्हणाला, "इरली बिडु, असू दे. मास्तरीणबाईंना पटायला वेळ लागतो."

पटलं का? आजही छातीठोक सांगता येणार नाही. पण आई जगली, जेवली, त्या चिमुकल्या पितळेच्या आधारानं माझ्याजवळ राहिली. माझ्या हयातीत मला याहून मोठं काही कुणी दिलेलं नाही. तेव्हापासून दर गोकुळाष्टमीला अण्णा नवा अंगरखा घेऊन यायचा आणि आईच्या हातानं माप घेऊन जायचा.

यंदाची अष्टमी त्याच्याशिवाय आली. विनायक सुतकातून नुकता उठलेला, तरी आदल्या दिवशी येऊन पुडी देऊन गेला. "बाबांनी स्वतः बेतून ठेवला होता, आत्या. शिंप्याकडून कालच आणला." मोतिया रंगाचा, जरीचे काठ असलेला. आईची बोटं आता फार थरथरतात, म्हणून बाळूला तो मीच घातला. पहिल्यांदाच. बाह्या त्याच्या हातांच्या पार पुढे गेल्या, घेर गुडघ्यांखाली लोळायला लागला. शेवटी शेवटी अण्णाचा हात चुकला म्हणायचा. इतक्या देवांचं माप घेतलेला माणूस... मी आईला दिसणार नाही अशा बेतानं अंगरखा काढायला लागले.

"काढतेस कशाला?" आई म्हणाली. मी म्हटलं, "मोठा झालाय, आई. मापाचा नाही."

आईनं काठ बोटांत धरला, बाहीची लांबी चाचपली आणि कितीतरी महिन्यांनी तिच्या चेहऱ्यावर समजल्याचं हसू आलं. "मापाचाच आहे. अण्णानं वाढत्या अंगाचा शिवलाय."

मी पितळेकडे बघत राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला ते थांबवायचं नव्हतं. मग मी एक बाही दुमडली, दुसरी दुमडली आणि पक्क्या बसाव्यात म्हणून सुईदोरा शोधायला उठले.

"टाका घालू नकोस गं," आई म्हणाली. "पुढल्या वर्षी सोडाव्या लागतील."