परमिटशिवाय पाना नाही

आमच्या मांजलपूरच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाड्या कमी आणि किस्से जास्त उभे असतात. माझी खिडकी नेमकी तिथेच उघडते, त्यामुळे मला काही शोधायला जावं लागत नाही. चहाचा कप हातात घेतला की एखादा आपसूक चालू होतो. पण एकाच गाडीवर एवढे किस्से जमा होण्याचा मान फक्त सबनीसकाकांच्या जुन्या लाल गाडीला.

काका कोयलीच्या रिफायनरीतून रिटायर झालेले. डोळ्यांमुळे त्यांनी गाडी चालवणं सोडलं आणि काकूंनी, साठी ओलांडल्यावर, शिकून घेतलं. त्यामागे एक कारण होतं. शहरातच वासण्याला राहणारी काकूंची ताई पडल्यापासून घराबाहेर निघालीच नव्हती. तिला रिक्षाचे धक्के सोसत नसत. आपल्या गाडीत बसवून तिला एकदा सूरसागर तलावाची हवा खाऊ घालायची, एवढंच काकूंच्या मनात होतं. लायसन्स आलं आणि त्याच आठवड्यात काकू म्हणाल्या, गाडीला पेट्रोलचा वास येतोय.

काकांनी निकाल दिला. लीक सापडला तर गाडी दुरुस्त, नाही सापडला तर भंगारात. मधलं काही नाही.

*

पहिल्या दिवशी काका आणि त्यांचे प्लांटमधले जुने दोस्त हसमुखभाई गाडीभोवती फिरून फिरून हुंगत होते. बॉनेट हुंगलं, टाकी हुंगली, डिकीतलं कार्पेटही सोडलं नाही. शेवटी हसमुखभाईंनी रिपोर्ट दिला, "सबनीससाहेब, लीकेज छे ज नहीं."

वर तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत काकू नाकाला पदर लावून उभ्या होत्या.

मीही जाऊन आलो. वास असा होता की माझं डोकं चढलं! पण या दोघांची उभी हयात त्याच वासात गेलेली. त्यांच्या लेखी ती नुसती हवा होती. शहरातले दोन सगळ्यात अनुभवी पेट्रोलवाले, आणि दोघांना पेट्रोलचाच वास येईना. काकूंनी वरूनच सांगितलं, "आजपासून नाक माझं, हात तुमचे."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीभोवती दोरी. चार कोपऱ्यांना वाळूच्या बादल्या. काकांच्या हातात फायर एक्स्टिंग्विशर. दोरीच्या आत मोबाइल बंदी, म्हणून सगळ्यांचे फोन काकूंच्या पोह्यांच्या डब्यात घालून तो माझ्या खिडकीत ठेवला. सोसायटीतल्या एकाने विचारलं, कोणी मंत्री येणार आहे का?

आता पाना लावायचा, तर काका थांबले. परमिटशिवाय काम नाही. ज्याचा एरिया त्याने परवानगी द्यायची आणि ती त्या दिवसापुरतीच. काम लांबलं तर वाढवून घ्यायची. प्लांटमध्ये काकांनी भल्याभल्यांना यावरून परत पाठवलं होतं.

"मग इथे एरिया कोणाचा?" हसमुखभाईंनी विचारलं.

काका डोकं खाजवत वर बघायला लागले. काकूंनी गॅलरीतून परवानगी दिली, पण अट घातली की साडेबाराला हात धुऊन जेवायला यायचं. बरोबर साडेबाराला अर्धा उघडलेला बोल्ट तसाच सोडून दोघं वर गेले. परमिट संपलं होतं ना!

*

हसमुखभाईंनी शक्कल लढवली. गाडीखाली पुठ्ठे पसरून ठेवायचे, सकाळी डाग दिसेल तिथे लीक. सकाळी बघतो तर पुठ्ठे कोरडे ठणठणीत. दोघांनी एकमेकांना टाळी दिली.

काकू दुधाची पिशवी घेऊन चालल्या होत्या. पुठ्ठ्यांकडे बघून म्हणाल्या, देवघरात कापूर ठेवला तरी सकाळपर्यंत राहत नाही, तुमचं पेट्रोल बरं राहील!

काकांनी कपाळावर हात मारला. जन्मभर ज्याची वाफ होऊ नये म्हणून पहारा केला, त्याची वाफ होते हेच ते विसरले होते. मला त्यांची दयाच आली, पण हसू आधी आलं.

*

शेवटी काकांनीच मार्ग काढला. पाइप पुसून कोरडे केले आणि त्यांवर काकूंची टाल्कम पावडर शिंपडली. पेट्रोल झिरपलं की पावडर ओली होऊन काळपट दिसणार. काकूंनी सीटवर बसून इंजिन चालू न करता नुसती चावी फिरवली. पंप घुरघुरला. आम्ही सगळे श्वास रोखून, जमिनीला गाल लावून बघत होतो.

टाकीजवळच्या फिल्टरपाशी, रबरी पाइपवर एक बारीक काळी रेघ उमटली.

"मिळालं!" काका ओरडले. डोळ्यांना कमी दिसणाऱ्या माणसाला ती रेघ सगळ्यांच्या आधी दिसली, याचं मला अजून नवल वाटतं. हसमुखभाईंनी लगेच साबण लावायचं सुचवलं, त्यांच्या स्कूटरला चालला होता म्हणे. काकांनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते गुपचूप दुकानातून नवा पाइप आणि क्लॅम्प घेऊन आले. बॅटरीची वायर काढली, प्रेशर सोडलं, उरलेलं पेट्रोल डब्यात धरलं. तरी थोडं काकांच्या सदऱ्यावर उडालंच. पाइप बसला, वायर जोडली, पुन्हा पावडर, पुन्हा चावी. पावडर पांढरीशुभ्र राहिली.

*

आता गाडी पास कोण करणार? नाकवाल्या एकट्या काकूच. त्यांनी बॉनेटपासून डिकीपर्यंत सगळं हुंगलं. काकांच्या चेहऱ्यावर दहावीच्या निकालाचा ताण. पहिल्या फेरीला आपण शेजारी बसणार, एक्स्टिंग्विशर मांडीवर ठेवून, हे त्यांनी आधीच जाहीर केलं होतं.

काकू त्यांच्यापाशी येऊन थांबल्या. सदरा हुंगला.

"गाडीला वास नाही. तुम्हाला येतोय. माझ्या गाडीत असं कोणी बसायचं नाही."

दोरी वर करून त्या गाडी बाहेर घेऊन गेल्या, एकट्याच. काका रिकाम्या दोरीच्या आत उभे राहिले. हसमुखभाई आंघोळीला जा म्हणाले, मी चहाला बोलावलं, पण ते हलेनात. गेटकडे बघत होते.

बऱ्याच वेळाने खिडकीतल्या पोह्यांच्या डब्यात फोन वाजला. काकांचाच होता. मी उचलला. काकू वासण्याहून बोलत होत्या, आवाज नुसता फुललेला. ताई स्वतःहून खाली आली होती, गाडीत पुढे बसली होती आणि उतरायला तयार नव्हती. सूरसागरला नेऊ का, तेवढं त्यांना विचार, म्हणाल्या.

मी फोन घेऊन दोरीपाशी गेलो आणि काकांपुढे धरला. गाडी वासण्याला होती. तरी काकांनी हातानेच मला मागे सारलं, दोरीखालून वाकून बाहेर आले आणि मगच फोन कानाला लावला.

"संध्याकाळपर्यंत परमिट वाढवलं," ते म्हणाले.