ट्रंकेत ठेवलेली दांडी

माझ्या सख्ख्या भावाच्या पोटावर मी पाय दिला, हे आधी लिहून टाकतो. पुढचं वाचताना कुणी मला चांगला माणूस समजू नये.

गावाहून, लालबर्‍याहून, मी निघालो तेव्हा भाषावार राज्यं नवी होऊन दोनेक वर्षं झाली होती. नागपूर पलीकडच्या राज्यात गेलं, आम्ही अलीकडच्या राज्यात राहिलो. बसजवळ माय म्हणाली, "सरकारनं रेघ ओढली तं ओढली, तू आपल्या मनात नोको ओढू." भाऊ, म्हणजे माझा थोरला भाऊ सुखदेव, राइस मिलमधून तसाच आला होता. डोक्यावर, भुवयांवर धानाचा कोंडा. कमरेला खोचलेली हातभर सागाची दांडी काढून त्यानं माझ्यापुढे धरली. "घेऊन जाय. शहरातली मशीन बी कान लावल्याबिगर बोलत नाही."

मिलमध्ये कुठलं चाक कुरकुरलं की भाऊ दांडीचं एक टोक बेरिंगवर टेकवायचा, दुसरं कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटायचा. मग बोट दाखवायचा. तिथंच दोष निघायचा. मलाही त्यानंच शिकवलं होतं. पण मी म्हणालो, "तिथं हे कोण वापरते भाऊ? राहू दे तुझ्यापाशीच."

बस सुटेपर्यंत दांडी त्याच्या हातातच होती.

नागपुरात एका कारखान्यात लागलो. फिटरच्या हाताखाली राहून ड्रॉइंग वाचायला शिकलो, मापाचं गेज धरायला शिकलो. पॅन्ट आली, 'मले'चं 'मला' झालं. गावाहून पुढे आलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, हे किती लवकर होतं. माझी समजूत अशी, की शहरात पाटी पुसून यावं लागतं. गावचं हुन्नर गावालाच शोभतं.

काही वर्षांनी लालबर्‍याच्या मिलमध्ये विजेच्या मोटारी आल्या. एका तेल-इंजिनावर पट्ट्यांनी फिरणारा सगळा पसारा निघाला, आणि तो सांभाळणारा भाऊही. तेव्हाच आमच्या कारखान्यात मिस्त्रीची जागा होती. मी फोरमनशी बोललो आणि भाऊला बोलावलं. आला तो कमरेला दांडी खोचूनच.

"हे इथंच ठेव," मी खोलीवर म्हणालो. "लोक हसतात."

"काहून हसतात? त्याहिच्या मशीन बिमार नाही पडत का?"

मी हसलो नाही. दांडी त्याच्या हातातून घेतली, माझ्या ट्रंकेत टाकली आणि कुलूप लावलं. खरं सांगायचं तर लोक त्याला नव्हे, मला हसतील, ही भीती होती. हा माझा भाऊ आहे आणि मीही असाच दांडी लावून ऐकणारा, हे उघड झालं असतं.

चाचणीला फोरमननं एक मोठा पंप चालू केला. आत कुठंतरी घरघर होती. "बताओ, आवाज कहाँ से है?" भाऊचा हात सवयीनं कमरेकडे गेला, रिकामा परत आला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहत राहिलो. त्यानं दोनदा कान जवळ नेला, शेवटी मोटारीकडच्या बेरिंगवर बोट ठेवलं. ती उघडली, धडधाकट निघाली.

"गाँव का मिस्त्री है," फोरमन मला म्हणाला, "गाँव में ही ठीक."

दुसऱ्या दिवशी मी पिशवीतून दांडी नेली. पाळी सुरू व्हायच्या आधी पंपाला लावली. दोष दूरच्या टोकाला होता; फोरमन आल्यावर त्याला तो दाखवला. फोरमननं पाठ थोपटली, "यह कहाँ सीखा?" मी म्हणालो, "क्लास में." त्याच महिन्यात मी फिटर झालो.

पंपाच्या त्या दिवशी संध्याकाळी खोलीवर आलो तर भाऊ पिशवी भरून बसला होता. "कोठं होता रे दोष?"

"दूरच्या बेरिंगीत."

"मले बी पहिले तसंच वाटून राह्यलं होतं," एवढंच तो बोलला. दांडी मागितली नाही. ड्रॉइंग, गेज त्याला शिकवायला मला आठवडा पुरला असता. तेही मी केलं नाही.

पुढे आमचा कारखानाही बदलला. जुनी यंत्रं भंगारात गेली, नवी आली, माझ्याबरोबरचे कितीतरी जण घरी बसले. मी टिकलो, कारण नवं यंत्रही बिघडायच्या आधी तसंच कुरकुरायचं. नव्या कामगारांना मी दांडी लावायला शिकवू लागलो. एकानं सहज विचारलं, "मास्टर, आपको किसने सिखाया?"  त्याच आठवड्यात मी रजा टाकली आणि गाव गाठलं.

घर म्हटलं की इतकी वर्षं मला माय आठवायची, धानाची बांधी, ते भाताचं खाचर, आठवायची. आता घर म्हणजे मला एकच जागा उरली होती, जिथं मी खोटं बोललो तर पकडला जाईन.

भाऊ आता गावाबाहेर सिवनी रस्त्याला शेडमध्ये शेतीपंपांची इंजिनं दुरुस्त करतो. स्वतःच शिकला. दोन शेतकरी बाकड्यावर बसले होते, इंजिन धडधडत होतं.

"आले साहेब!" भाऊ ओरडला. मिलच्या गोंगाटानं त्याला आता कमी ऐकू येतं. कमरेला नवी दांडी होती.

मी जुनी दांडी त्याच्यापुढे ठेवली आणि हळूच बोललो. त्यानं कानामागे हात धरला.

"मोठ्यानं बोल ना बे! ऐकू नाही येऊन राह्यलं."

इंजिन बंद करावं असं त्याला सुचलं नाही, किंवा करायचं नव्हतं. शेतकरी माझ्याकडे पाहू लागले. मग मी इंजिनाच्या वरताण ओरडलो, "भाऊ, मले तुयी लाज वाटली होती! दांडी म्या लपवली! तुयी विद्या म्या आपली म्हणून सांगतली! मले माफ कर!"