चौथ्या अल्बममधली शिट्टी

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, स्वभावाने पक्का संशयी. भाजीवालीने दोन लिंबं वर टाकली तर ती नाकाशी धरून बघणारा माणूस. कुणी त्यांच्या कामाची स्तुती केली की यांचा पहिला प्रश्न, "याला हवंय काय?" पण कामाला चोख. टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्यांचा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. आतल्या खोलीत वाजवणारे वाजवतात, बाहेरच्या खोलीत काचेमागे दाजी बटणांपुढे बसतात. तिथलं वायरिंग माझं, त्यामुळे कुठेही खरखर झाली की पहिला आरोपी मी.

इतर दिवशी तिथे जाहिरातींचे आवाज भरले जात. दाजींना खरा अभिमान होता तो एका बँडचा. चौघांचा बँड, आणि त्यांचे चारही अल्बम दाजींच्याच हातचे. गाणाऱ्याला सगळे घसा म्हणत आणि ड्रम वाजवणाऱ्या बाईला धडाम. मी दाजी म्हणतो म्हणून तेही दाजीच म्हणत.

पहिला अल्बम अकरा गाण्यांचा, एकूण बावीस मिनिटांचा. घसा पहिल्या सेकंदापासून असा किंचाळला की खालचा टायरवाला जिना चढून वर आला. "दाजी, कुणाला लागलं का?" त्या प्रकाराला हार्डकोर म्हणतात, असं मला नंतर समजलं. दुसऱ्या अल्बममध्ये किंचाळण्याच्या मधेमधे गिटार एकटीच रडायला लागली. तिसऱ्यात घसा चक्क गायला आणि लोक बँडला इमो, म्हणजे हळव्या गाण्यांचा, म्हणू लागले. चौथ्यात तर तो झोपलेलं मूल उठेल या भीतीने बोलावं तसा पुटपुटत होता. एका मासिकाने लिहिलं, बँड परिपक्व झाला.

"डोंबल परिपक्व," दाजी म्हणाले. "यांचा बोलविता धनी कुणीतरी वेगळाच आहे."

त्यांना हा संशय तिसऱ्या अल्बमपासूनच होता. सीडी छापून आली की ती ते घरी स्वयंपाकघरातल्या लहान प्लेअरवर लावत आणि तोंड पाडून बसत. "मी धार लावून दिली होती रे. ड्रमवरची झांज अशी चमकत होती. छापायला देण्याआधी कुणीतरी बोथट करून ठेवलीय." कुणीतरी म्हणजे गिटारवाल्याचा आत्येभाऊ. त्याच्या घरी कॉम्प्युटर होता, एवढा पुरावा दाजींना पुरे होता. माझ्या पाठीमागे माझ्या कामाला हात लावत असतील तर पुन्हा या जिन्यावर पाय ठेवू देणार नाही, असं ते म्हणायचे. म्हणताना त्यांचा चेहरा मात्र पोर घर सोडून निघाल्यासारखा व्हायचा.

म्हणून चौथ्या अल्बमच्या वेळी त्यांनी सापळा लावला. मला एकट्यालाच सांगितलं, तेही मोरीतला नळ सोडून, कुणी ऐकू नये म्हणून.

"प्रत्येक गाण्याच्या शेवटी पाच सेकंद एक बारीक शिट्टी घातलीय. एकदम वरच्या पट्टीतली. मीटरवरचा काटा जेमतेम हलेल इतकीच. वरचा आवाज कुणी कापला तर त्याबरोबर शिट्टीही कापली जाणार. मग चोर जातो कुठे?"

सीडी दुकानांत पोचून महिना झाला, तेव्हा कुठे दाजींच्या हाती आली. त्या दुपारी मला साक्षीदार म्हणून घरी बोलावलं. ताई आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. पहिलं गाणं संपलं आणि दाजींनी टेबलावर थाप मारली.

"बघ! गेली ना शिट्टी? म्हणत नव्हतो मी?"

त्या बारीक आवाजाने माझे दात शिवशिवत होते. तेवढ्यात आतून ताई ओरडली, "अहो, ते काय किर्र वाजतंय? बंद करा आधी!"

दाजींनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. "तुम्ही दोघं ठरवून बोलताय," ते म्हणाले. तरी ते उठले, ताईला दाराकडे पाठ करून बसवलं आणि सांगितलं, किर्र ऐकू आलं की हात वर कर, थांबलं की खाली घे. स्वतः हातात घड्याळ घेऊन उभे राहिले. नऊ गाणी झाली. प्रत्येक गाणं संपताना ताईचा हात वर गेला आणि बरोबर पाच सेकंदांनी खाली आला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण माझ्या जिभेवर आली होती. मी ती गिळली. दाजींनी घड्याळ खिशात ठेवलं आणि कितीतरी वेळ ताईच्या घड्या केलेल्या कपड्यांची पुन्हा घडी घालत बसले. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी धडामला गाठलं. ती पडेल आवाजात म्हणाली, "आम्हाला दुसऱ्या अल्बमपासूनच माहीत आहे. दाजींना वरचा आवाज कमी ऐकू येतो, म्हणून ते तो वाढवत जातात. झांजा कानात सुईसारख्या टोचायला लागल्या. पण त्यांना सांगणार कोण? मग मीच जाड, दबक्या आवाजाच्या झांजा आणल्या, तिसऱ्या अल्बमच्या वेळी त्यांच्यावर फडकं बांधलं. गिटारची खरखर कमी केली. घसा ओरडला की दाजी त्याचीही धार वाढवायचे, म्हणून तो हळू गायला लागला. त्यांच्या कामाला मात्र आम्ही कधी हात लावला नाही. ती शिट्टीसुद्धा तशीच जाऊ दिली. आता लोक तिचा अर्थ विचारायला पत्रं पाठवतात."

हे मी दाजींना सांगावं की नाही, या विचारात चार दिवस गेले. शेवटी सांगितलं. ते उसळतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "म्हणजे माझ्यापासून लपवत होतेच ना? संशय बरोबर होता माझा." मग त्यांनी चौघांना बोलावून घेतलं.

चौघे खाली माना घालून उभे राहिले. दाजींनी बटणांपुढे दुसरी खुर्ची ओढली.

"धडाम, तुझं वाजवून झालं की इथे बसायचं. वरची बटणं आजपासून तुझी. मी मधे हात घातला तर हातावर चापट मार. आणि ते फडकं सोड आधी." मग घशाकडे वळले. "तू रे. दोन अल्बम माझ्यासाठी कुजबुजतोयस?"

"तसं नाही दाजी..."

"जा आत. ओरड. ओरडणं मला अजून पुरतं ऐकू येतं."

घसा आत गेला. सुरुवातीला आवाज फाटला, मग लागला. काच थरथरली. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि टायरवाला धापा टाकत दारात उभा राहिला.

"काय झालं दाजी? कुणाला लागलं का?"

दाजींचे डोळे भरून आले होते. त्यांनी काचेवरची नजर हलवली नाही.

"लागलंय," ते म्हणाले. "पण ओरडू दे त्याला."