कोयत्याला एक पुडी

साखराबाईला कुणी मनाची कोती म्हटलं की माझं डोकं फिरतं. आमच्या युसूफ वडगावात तिच्याइतका सढळ हात मी तरी पाहिला नाही.

दुष्काळात विहिरी आटल्या की निम्मा गाव सहकारी कारखान्यांच्या ऊसतोडीला जातो. तिथं नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. दोघांतलं एक पडलं की कोयताच मोडला. म्हणून आमच्या शहाण्या लोकांनी हिवतापाच्या गोळ्याही कोयत्यावारी खायला सुरुवात केली. ताप एकाला, पण दुसराही पडू नये म्हणून गोळ्या दोघांत निम्म्या-निम्म्या. ताप उतरायचा, मग चूक कुणाला दिसणार? साखराबाई तर त्यातूनही उरवून शेजारच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, देऊन यायची.

एका साली कालव्याकाठच्या तळावर तिचा नवरा सुग्रीव तापला. नेहमीच्या कडू गोळ्या दोघांनी वाटून खाल्ल्या. ताप हटेना. ती घाबरली. पुन्हा मागून आणल्या आणि या खेपेला सगळ्या त्यालाच चारल्या. तरी ताप तसाच. तो बरळू लागला, बायकोला ओळखेना, तेव्हा बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “या गोळ्यांना हा जंतू आता दाद देत नाही. ठिकठिकाणी वर्षानुवर्षं लोक अर्धवट औषध घेतात. त्यातून तगलेल्या जंतूंचीच पैदास वाढते.”

“आमी तर वाटून खात व्हतो, बाई,” एवढंच साखराबाई म्हणाली. मला हे सांगतानाही तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. वाटून खाण्यात काही वाईट असू शकतं, हे आमच्याकडे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुसरं औषध लागू पडलं. सुग्रीव माणसं ओळखू लागला. राहिलेल्या गोळ्या बरं वाटलं तरी संपवायच्या, असं बजावून बाईंनी त्यांना सोडलं. तळावर आले तर टोळीचा मुकादम बंकट कोपीपुढं उभा. त्याची बायको भामाबाई तापानं फणफणली होती.

“वैनी, सुग्रीव तर उठून बसलाय. निम्म्या गोळ्या द्या.”

“न्हाई.”

“कावून?”

“निम्म्यानं न्हाई भागत आता. गाडी जुपा, भामाला दवाखान्यात न्या. मी येते संगं.”

“माणूस मेलं तरी चालंल तुमाला? लई बदलल्या तुमी.”

साखराबाईला आयुष्यात असं कुणी बोललं नव्हतं. तिला रडू फुटलं, पण गोळ्यांची पुडी तिनं सोडली नाही. बंकटच्या देखत सुग्रीवच्या तोंडात गोळी घातली, पाणी पाजलं आणि ती घशाखाली उतरेपर्यंत त्याच्या तोंडाकडं बघत उभी राहिली. मग गाडीत चढली आणि भामाबाईचं डोकं मांडीवर घेतलं. बंकटनं तिच्याकडं न बघताच बैल जुपले आणि गाडी दवाखान्याकडं हाकली.