आठ भट्ट्या

रूपलला "काय?" असं विचारता येत नाही, ही चंदनबालाची जुनी काळजी. इतर आयांच्या काळज्या धड असतात. मुलीला स्वयंपाक येत नाही, मुलगी जाड होत चालली, मुलीचं जमत नाही. अशा काळज्या लग्नाच्या पंगतीत शेजारणीला सांगता येतात. चंदनबालाने आपली काळजी सांगितली की शेजारीण म्हणायची, "उलटून विचारत नाही ना? मग नशीब काढलंत, भाभी." तिथे विषय संपायचा आणि चंदनबाला काळजीसकट घरी यायची.

रूपल कमी ऐकत नव्हती. दोनदा कान तपासून झाले होते आणि डॉक्टरने उलट चंदनबालालाच एक गोळी लिहून दिली होती, झोपेची. रूपलला ऐकू सगळं यायचं. जे समजायचं नाही, ते ती मनाने भरून घ्यायची आणि मान हलवून "हो, समजलं" म्हणायची. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आतच.

धुळ्याला आग्रा रोडच्या आत त्यांचं कापडाचं दुकान. घरात मारवाडी, दुकानात अहिराणी, शाळेत मराठी. चंदनबाला बी.ए. झालेली, पण लग्नानंतर दुकानात बसून बसून तिची अहिराणी अशी झाली की कापडणे गावाची बाई तिला आपल्यातलीच समजून "तुम्हनं माहेर कोणतं?" असं विचारायची. रूपल दुकानात क्वचितच यायची. सातवी-आठवीत असताना एकदा ती एकटी गल्ल्यावर होती आणि एक बाई आली. म्हणाली, "मन्ही आंडेरले लुगडं लेवानं शे." आंडेर म्हणजे लेक. लेकीसाठी लुगडं घ्यायचंय, एवढंच बाईचं म्हणणं. रूपलने हात जोडले आणि अदबीने सांगितलं, "काकू, आम्ही जैन आहोत, आम्ही अंडी ठेवत नाही." ती बाई पुढे वर्षभर आली की आधी अंडी मागायची आणि मग लुगडं.

शाळेच्या नाटकातही तेच. बाईंनी तिला चोर केलं होतं, हिने मोर ऐकलं. चंदनबालाने दुकानातलं मोरपंखी सॅटिन फाडून रात्रभर पिसारा शिवला. स्टेजवर शिपाई काठी घेऊन आला, तर पुढ्यात चोर नाही, पिसारा फुलवलेला मोर उभा. शिपाई गोंधळला, पण पोरगं हुशार होतं, त्याने मोरालाच बेड्या घातल्या. टाळ्या थांबेनात. रूपलला पहिलं बक्षीस मिळालं. लोक अभिनंदन करत होते आणि चंदनबाला पिसाऱ्याच्या टाचण्या काढत होती. पोरीची चूक पचली, हेच तिला खुपत होतं. एकदा पचली की माणूस पुढच्या वेळी मोठा घास घेतो.

तर अशी ही रूपल इतिहासात एम.ए. झाली आणि जळगावला गिरणाकाठ विद्यापीठात लागली. विद्यापीठाला चाळीस वर्षं होणार होती. त्यानिमित्त एक 'वारसा दालन' उभारायचं होतं आणि त्याच्या जोडीला एक वेबसाइट. जुने फोटो स्कॅन करायचे, पहिल्या पदवीदानाची टोपी-गाऊन काचेत ठेवायचे, आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी रेकॉर्ड करून सगळ्यांना ऐकता येतील अशा ठेवायच्या. रूपल त्या कामावरची सहाय्यक. नेमणूक तात्पुरती, दालन उघडेपर्यंतची. समितीचे अध्यक्ष निंबा सर तिला म्हणाले होते की उद्घाटन नीट पार पडलं तर दालन सांभाळायला कायमचं माणूस लागेलच. यावर रूपल काय म्हणाली असेल हे सांगायला नको.

शनिवारी ती एसटीने धुळ्याला यायची आणि जेवताना दालनाविषयी बोलायची. बोलताना तिचा चेहरा असा उजळायचा की तिचा बाप हेमराजसुद्धा मोबाइल खाली ठेवून ऐकायचा, आणि हेमराज बाजारभाव सोडून काही ऐकणाऱ्यांतला नव्हता. तुटक्या चष्म्याचा पहिला ग्रंथपाल, मालट्रकमधून आलेली पहिली बाकं, वर्ग नसल्यामुळे कडुनिंबाच्या झाडाखाली झालेली तोंडी परीक्षा, हे सगळं ती स्वतः तिथे असल्यासारखी सांगायची. एक गोष्ट चंदनबालाला कबूल करावीच लागली. या कामात पोरगी रमली होती. तिला ते आवडत होतं आणि तिच्याकडून ते जाऊ नये, असं आईला देवासमोर बसलं की वाटायचं.

मग एका शनिवारी जेवणात भट्ट्या आल्या.

झालं असं होतं. धरणगावकडचे तोताराम आबा, विद्यापीठाच्या जागेत पूर्वी त्यांचं शेत होतं. रूपलने त्यांना झाडाखाली बसवून रेकॉर्ड केलं. आबा तासभर बोलले, ही तासभर मान हलवत राहिली. मग ते रेकॉर्डिंग संगणकात घातलं. आवाज ऐकून आपोआप टाइप करणारी सोय असते, तिने मजकूर काढून दिला. त्यात एक ओळ आली : 'आठ भट्टा कापूस होता.' रूपलने व्याकरण दुरुस्त केलं : 'आठ भट्ट्या आणि कापूस होता.' निंबा सरांनी ते वाचलं आणि खुर्चीतून उठले. विद्यापीठाच्या जागी आठ वीटभट्ट्या! आजवर कुणीच लिहिलेलं नाही! विद्येचं मंदिर उभं राहायच्या आधी त्याच मातीत विटा भाजल्या जात होत्या, हे वाक्य त्यांनी तिथेच सुचवलं आणि तिथेच स्वतःला शाबासकी दिली.

त्यानंतर भट्ट्या थांबेनात. मोठ्या टेबलावर परिसराचा नकाशा, त्यात थर्माकोलच्या आठ भट्ट्या, आत लाल दिवे. बटण दाबलं की दिवे पेटायचे. वेबसाइटवर आठ ठिपके, बोट ठेवलं की धूर निघायचा. समितीत ही बातमी फुटल्यावर लोकांना आठवायलाही लागलं. एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले की सुरुवातीच्या वर्षांत त्या धुराने आपले डोळे चुरचुरायचे. दुसऱ्यांची सायकल पाचव्या भट्टीपाशी पंक्चर झाली होती. तिसरे जास्त काही बोलले नाहीत, त्यांनी एक वीट आणून दिली. ती वीट आता मखमलीवर काचेत होती.

चंदनबालाने पोळी वाढता वाढता विचारलं, भट्ट्यांचं आबांना पुन्हा एकदा विचारून घेतलंस ना. रूपल म्हणाली, "हो मम्मी," आणि भाजी मागितली.

पुढच्या आठवड्यात रूपलने वेबसाइटची लिंक पाठवली. अजून सगळ्यांसाठी खुली नव्हती, फक्त आईला ऐकायला. दुपारी दुकानात सामसूम होती. चंदनबालाने फोन कानाशी धरला आणि धूर निघणाऱ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. आबांचा खरखरीत, गोड आवाज आला :

"आठे बठ्ठा कापूस व्हता, माय."

चंदनबालाने ते पुन्हा लावलं. पुन्हा तेच. आठे म्हणजे इथे. बठ्ठा म्हणजे सगळा. इथे सगळा कापूस होता. भट्टी नाही, वीट नाही, धूर नाही. सगळीकडे नुसता पांढरा कापूस.

तरी आपलाच कान चुकत असेल अशी एक आशा होती. तेवढ्यात मंदाबाई आली, कापडण्याची जुनी गिऱ्हाईक. चंदनबालाने तिला फोन दिला आणि म्हातारा काय म्हणतो ते सांग म्हणाली. मंदाबाईने ऐकलं आणि फोन परत दिला.

"आठे बठ्ठा म्हंजे आठे बठ्ठा. आखो काय?" आणि चंदनबालाचा चेहरा बघून तिने विचारलं, "कोनी मयत शे का?"

कुणी गेलं नव्हतं, पण चंदनबालाला तसंच वाटत होतं. तिला नवल वाटलं ते एकाच गोष्टीचं. विद्यापीठात अहिराणी येणारे काय कमी होते? निंबा सर स्वतः साक्रीकडचे. समितीतले निम्मे लोक घरी हीच भाषा बोलत असतील. पण आबांना कुणी ऐकलंच नव्हतं. सगळ्यांनी कागद वाचला होता.

खरी धास्ती वेगळीच होती. उद्घाटनाला पाहुणे म्हणून तोताराम आबाच येणार होते. बटण त्यांच्याच हातून दाबायचं होतं. दिवे पेटणार, आणि त्यांचा स्वतःचा आवाज मोठ्या स्पीकरवरून सगळ्या सभागृहात घुमणार. म्हणजे आबा आपल्याच शेतात आठ भट्ट्या पेटलेल्या बघणार आणि माइक त्यांच्या हातात असणार. त्यानंतर रूपलला त्या दालनात कोण ठेवेल?

तिने हेमराजला सांगितलं. हेमराजने शांतपणे ऐकून घेतलं, पेन कानावर ठेवलं आणि तोडगा काढला.

"आठ जास्त होतात. तिला म्हणावं, तीनवर आण. तीन भट्ट्या कुठेही असू शकतात."

"अहो, एकही नव्हती."

"मग दोन. त्याखाली त्यांना परवडणार नाही, थर्माकोल आणलाय."

चंदनबाला त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. त्याच्या ते लक्षात आलं नाही, ही वेगळी गोष्ट.

त्या दोन दिवसांत तिने रूपलला फोन केले. पहिल्यांदा ती म्हणाली, बेटा, ते आबांचं रेकॉर्डिंग मी ऐकलं. रूपल म्हणाली, "हो मम्मी, छान आहे ना," आणि तिला निंबा सरांनी बोलावलं. दुसऱ्यांदा चंदनबालाने ठरवून सुरुवात केली, की त्या आठ भट्ट्यांमध्ये एक घोटाळा आहे. रूपल म्हणाली, "हो, समजलं, सहाव्या भट्टीचा दिवा गेला होता, बदलला." तिसऱ्यांदा मेसेज लिहिला : 'भट्ट्या नव्हत्या.' रूपलचं उत्तर आलं : 'हो, आता आल्या 😊.'

मग मन भलत्या वाटांनी धावायला लागलं. निंबा सरांना परस्पर फोन करावा? पण मुलीची आई तिच्या साहेबाला फोन करून मुलीची चूक सांगते, हे ऐकायलाच कसं वाटतं. शिवाय पाचव्या भट्टीपाशी ज्यांची सायकल पंक्चर झाली ते गृहस्थ तिथेच असणार, त्यांना काय तोंड दाखवायचं. मग वाटलं, आबांनाच फोन करावा. त्यांना आपल्या अहिराणीत विनवावं की आबा, भट्ट्या दिसल्या तर काही बोलू नका, नुसतं बटण दाबा, पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे. आबा भले माणूस वाटत होते, कदाचित ऐकलंही असतं. सगळं निभावलं असतं. टाळ्या पडल्या असत्या आणि पोरगी कायमची झाली असती.

इथे येऊन चंदनबाला थांबली. आबांनी तासभर झाडाखाली बसून आपली जमीन सांगितली. ते आवाजात राहावं म्हणूनच तर हे दालन. आणि आपण त्यांनाच गप्प बसायला सांगणार. उद्या त्यांची नातवंडं त्या वेबसाइटवर बोट ठेवणार आणि त्यांना आजोबांच्या कापसातून धूर निघताना दिसणार. हे काम रूपलला आवडतं, ते तिचंच राहायला हवं. पण असं मिळालेलं काम ती सांभाळणार ते कसं? रोज त्या विटेसमोर उभी राहून येणाऱ्यांना काय सांगेल?

उद्घाटनाला अजून चार दिवस होते. दिवे काढता येत होते. थर्माकोलच्या भट्ट्यांवर कापूस चिकटवता येत होता, आणि कापसाची जळगावात काय कमी. वीट ज्यांनी आणली त्यांना मानाने परत देता आली असती. पण हे रूपलने करायचं, रूपलनेच सरांकडे जाऊन सांगायचं. सर रागावतील. कदाचित जागाही जाईल. चंदनबालाने ते एकदा पूर्णपणे मनात येऊ दिलं, आणि ते आल्यावर भीती थोडी कमी झाली.

रूपलला काही सांगायचंच नाही, तिने ठरवलं. सांगितलं की ती "हो" म्हणते. तिला विचारायचं. 'आठे' म्हणजे काय, एवढंच विचारायचं, आणि त्यानंतर आपण एक अक्षर बोलायचं नाही, ती बोलेपर्यंत. आयुष्यात इतकं गप्प बसणं तिला कधी जमलं नव्हतं, पण प्रयत्न करायला हरकत नव्हती.

सकाळचे दहा वाजत होते. हेमराज शटर वर करत होता. चंदनबाला गल्ल्यावर बसली, पाण्याचा घोट घेतला आणि रूपलचा नंबर लावला.