तांबे सरांचा पक्का मसुदा

तांबे सर लग्नपत्रिकाही कराराप्रमाणे वाचत. "'सहकुटुंब' म्हणजे कोण कोण, ते लिहिलेलं नाही. उद्या वाद होईल," असं मी त्यांना गंभीरपणे म्हणताना ऐकलं आहे.

मीरा रोडला सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या लॉ कॉलेजचे ते डीन; मी तिथे शिकवतो. खाली फरसाणाचं दुकान, वर आम्ही. आधी पाटीवर 'प्राचार्य' होतं. संस्थेच्या अध्यक्षांना 'डीन' भारदस्त वाटलं. पाटी बदलली, गळकं छत तेच राहिलं.

कॉलेजात येण्याआधी उभी हयात सरांनी बिल्डरांचे आणि व्यापाऱ्यांचे करार लिहिले. वर्गात सांगत, "तक्रारीला जागा ठेवलीत, की कोर्ट तिथे खुर्ची टाकून बसतं."

गेल्या वर्षी परीक्षेच्या तोंडावर जागेच्या मालकाची, शेठची, नोटीस आली: महिन्याभरात जागा सोडा. त्यांना तिथे लग्नाचा हॉल काढायचा होता. शेवटच्या वर्षाच्या मुलांचं वर्ष बुडणार होतं. सरांनी भाडेकरार काढला. कॉलेज सुरू झालं तेव्हा ते शेठचे वकील होते. करार त्यांनीच लिहिला होता.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी तो फळ्यावर उतरवला. "फोडा."

मुलं दुपारपर्यंत झटली. शेवटी राई गावची प्रणाली म्हणाली, "सर, यात भोकच न्हाय. इतकं पक्कं कशाला लिवलं?"

"मी कधी भाडेकरूच्या बाजूला बसेन असं वाटलं नव्हतं गं."

सरांनी फळा पुसला.

मग सर आणि मी शेठकडे गेलो. सरांनी हात जोडले. त्यांना तशी सवय नव्हती. बोटं नीट जुळेनात. "परीक्षेपर्यंत थांबा, शेठ."

"तांबेसाब, आप ही बोलते थे, दया का कलम किसी ॲग्रीमेंट में नहीं होता." शेठ मनापासून हसले. "चलो, एक्झाम तक. लेकिन लिख के दो, बाद में खाली करोगे, कोर्ट नहीं जाओगे."

कागद शेठच्या तरुण वकिलाने केला. तो आमचाच जुना विद्यार्थी. सरांनी चष्मा लावला, वाचलं, कपाळाला आठी घातली, पेन काढलं. जागा कधी रिकामी करायची, तेच लिहायचं राहिलं होतं. त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'शेवटच्या पेपरच्या दुसऱ्या दिवशी', आणि सही केली.

जिन्यात तो मुलगा धापा टाकत मागून आला. "सर, काय केलंत हे? कॉलेज हलू नये म्हणून ते मी मुद्दाम गाळलं होतं."

सर कठड्याला धरून पायरीवर बसले.

"अरे, मग तपासायला मला कशाला दिलास?"