सोळावी ओळ

यादीतलं सोळावं नाव वाचून झालं आणि मनीषाचं नाव आलंच नाही. मी स्पर्धेच्या नोंदणी टेबलावरच्या माणसाला पुन्हा बघायला सांगितलं. त्याने फॉर्म माझ्यापुढे सरकवला. सोळाव्या ओळीत आमच्या संस्थेच्या एका संचालकांच्या पुतणीचं नाव होतं. खाली कोच म्हणून सही माझीच.

मी भोरच्या एका कॉलेजात मुलींना सॉफ्टबॉल शिकवतो. या खेळात पिचर खालून हात फिरवून बॉल टाकते. ती चांगली असली की बाकीच्या आठजणींना फारसं काम उरत नाही. मनीषा आमची पिचर. वेल्ह्याकडची, तिसऱ्या वर्षाला, म्हणजे कॉलेजकडून खेळायची ही तिची शेवटची स्पर्धा. इथूनच विद्यापीठाचा संघ निवडतात. त्यात आली तर पोलीस भरतीला खेळाडूंच्या जागेवर अर्ज करता येईल, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

नेमका त्याच आठवड्यात तिच्याकडचा भात कापणीला आला. आभाळ भरलेलं. पोरगी खेळायला गेली तर कापणी कोण करणार, असं तिचे वडील म्हणाले, आणि त्यांचंही चूक नव्हतं. मग मी सावड करायची ठरवली. सावड म्हणजे आज आम्ही तुमच्या शेतात राबायचं, पुढे तुम्ही आमच्याकडे. रविवार-सोमवार बाकीच्या पंधराजणींना घेऊन गेलो आणि सगळी खाचरं मोकळी केली. पोरींच्या हाताला फोड आले, तरी खूश होत्या. मीही स्वतःवर भलताच खूश होतो. आणि तिथेच माती खाल्ली.

पात्रता फॉर्म सोमवारी संध्याकाळपर्यंत जायचा होता. त्यावर प्रत्येक खेळाडूची सही लागते. पंधराजणींनी शनिवारी केली. मनीषा घरी, शेतात. मी सोळावी ओळ कोरी ठेवून खाली सही ठोकली, तिच्या नावाची चिठ्ठी लावली आणि फॉर्म ऑफिसातल्या भाऊसाहेबांकडे दिला. राहिलेली सही ते दरवर्षी कोणाकडून तरी मारून घेतात. आमच्याकडचा जुना रिवाज. मला त्याची कधी लाज वाटली नव्हती. या वर्षी शिक्का मारताना ती कोरी ओळ प्राचार्यांच्या नजरेस पडली.

मी ग्राउंडवरूनच प्राचार्यांना फोन लावला.

"सर, मनीषाचं नाव कुणी काढलं?"

"काढलं नाही. ओळ रिकामीच होती."

"मी चिठ्ठी लावली होती."

"चिठ्ठीवर शिक्का मारता येत नाही. संचालकसाहेब पुतणीसाठी किती मागे लागलेत, तुम्हाला ठाऊक आहे. आणि सही तुमचीच आहे ना?"

तक्रार केली असती तर ओळ कोरी असताना सही केली म्हणून अख्खा संघच बाद झाला असता. मी फोन ठेवला. पलीकडे मनीषा हात मोकळा करत होती. तिला जाऊन सांगितलं.

"सर, तुमी दोन दिस आमच्या रानातच होता," ती म्हणाली. "फॉर्म संगं आनला आसता तर म्या बांधावर सही केली आसती."



पहिलाच सामना हरलो. पुतणी ग्राउंडकडे फिरकलीसुद्धा नाही. सहभागाचं प्रमाणपत्र मात्र तिला मिळालं. प्राचार्यांनी ते देताना फोटोही काढून घेतला.

पंधरा दिवसांनी मनीषाचे वडील सकाळी आमच्या ग्राउंडवर हजर. सोबत मनीषा. दोघांच्या हातात विळे.

"सर, सावड फेडाया आलोय. हितं गवत लई माजलंय."

मी नको नको म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही. वर तेच ओशाळून म्हणाले, "कापनीत हिचा हात दुखावला, म्हनून तुमी हिला भाईर बसवली म्हनं. आमच्यापायी तुमची मॅच गेली."

मी मनीषाकडे पाहिलं. ती खाली मान घालून गवत कापत होती. घरी असं का सांगितलंस, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. तिच्या वडिलांना खरं काय तेही मी सांगितलं नाही. दुपारपर्यंत बापलेकींनी सगळं ग्राउंड साफ केलं. मी चहा पाजला.

तेव्हापासून एक जरी ओळ कोरी असेल तर मी सही करत नाही. ऑफिसात मला कटकट्या माणूस म्हणतात. मनीषाला त्याचा काही उपयोग नाही.